वनस्पतींच्या वाटा शोधणारे आचार्य : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा एक रस्ता आहे, आणि त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. एका काना-अक्षराच्या फरकामुळे अनेकांचा असा समज होतो की ही संस्थाही ‘सुधारक’कर्त्या आगरकरांचेच स्मारक असावे. वस्तुतः ही दोन व्यक्तिमत्त्वे अगदी भिन्न. टेंभूचे आगरकर १८५६ साली जन्मले आणि १८९५ साली, उण्यापुऱ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत ते डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. समाजाच्या रूढींऐवजी त्यांनी आपली बुद्धी वेचली ती रानातल्या, वाळवंटातल्या आणि डबक्यांतल्या जीवांचा माग काढण्यात.

बंगळूर हे काही आघारकरांचे कार्यक्षेत्र नव्हे. तेव्हा आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांना स्थान का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो वावगा म्हणता येणार नाही. त्याचे एक उत्तर असे की आघारकरांनी लावलेल्या रोपाची एक फांदी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटपर्यंत पोहोचली आहे. ती कशी, ते ओघाने येईलच. दुसरे उत्तर आम्हांला अधिक जवळचे वाटते. एखादी वनस्पती आपल्या मूळ स्थानापासून दूर कशी जाते, नव्या भूमीत कशी रुजते, आणि रुजल्यावर तेथल्या जीवसृष्टीशी तिचे कसे जमते, हा आघारकरांच्या अभ्यासातला मध्यवर्ती प्रश्न होता. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या परमुलखात नांदल्या आहेत त्या आम्हां मराठी मंडळींना हा प्रश्न परका वाटू नये.

शंकररावांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणात झाला. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली अस्तित्वात आला. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेट आणि त्यावरचा शिवछत्रपतींचा सिंधुदुर्ग दिसतो. खाडीच्या मुखाशी खाऱ्या चिखलात पाय रोवून उभी असलेली कांदळाची झाडे दिसतात. आणि पाण्याबरोबर वाहत आलेला एखादा नारळ वाळूत कोंब धरून बसलेला आढळतो. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असल्यामुळे बदल्या वारंवार होत. परिणामी शंकररावांचे शिक्षण एका गावी झाले नाही. १९०२ साली ते मॅट्रिक झाले ते धारवाडहून. म्हणजे त्यांच्या विद्येची पहिली महत्त्वाची पायरी आजच्या कर्नाटकाच्याच भूमीवर ओलांडली गेली, हे येथे अगत्याने नोंदविले पाहिजे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानांचा अभ्यास केला, १९०९ साली मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळविली, आणि त्याच महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवू लागले.

अध्यापक म्हणून वर्गात शिकवावे आणि सुटीत विश्रांती घ्यावी, एवढ्यावर समाधान मानणारा त्यांचा पिंड नव्हता. सह्याद्रीचे डोंगर आणि तेथल्या नद्यांचे उगम ते पायी हिंडून न्याहाळीत. अशा भ्रमंतीतच त्यांना सातारा जिल्ह्यातील कोयना व वेण्णा या नद्यांच्या पाण्यात एक विलक्षण प्राणी सापडला. लहानशा नाण्याएवढा, काचेसारखा पारदर्शक, छत्रीच्या आकाराचा असा हा जीव म्हणजे गोड्या पाण्यातील जेलीफिश. जेलीफिश समुद्रात असतात हे कोकणच्या माणसाला नव्याने सांगायला नको. परंतु समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावरच्या नदीच्या डोहात तो आढळावा, हे आश्चर्यच होते. त्याहून मोठे आश्चर्य असे की या गोत्राचा प्राणी तोवर केवळ आफ्रिकेत, टांगानिका सरोवर आणि तिकडच्या अन्य जलाशयांत ठाऊक होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन ॲनंडेल यांनी या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव दिले. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकातून ही वार्ता जगभर गेली. १९१२ साली म्युझियमचेच एफ. एच. ग्रेव्हली आणि आघारकर यांनी या प्राण्याच्या सवयी आणि त्याचा आढळ यांविषयी संयुक्त टिपण प्रसिद्ध केले.

आता एखाद्याला असे वाटेल की नवा प्राणी सापडला, त्याला नाव मिळाले, संपले. परंतु आघारकरांचे मन नेमके याच ठिकाणी अडले. आफ्रिकेतला जीव सह्याद्रीत आला कसा? मध्ये एवढा मोठा सागर. आणि गोड्या पाण्यात राहणारा हा नाजूक प्राणी खाऱ्या पाण्यातून पोहून येणे शक्य नाही. त्याचे सूक्ष्म अंकुर पक्ष्यांच्या पायांच्या चिखलातून आले म्हणावे, की पूर्वी केव्हातरी हे दोन भूभाग जोडलेले होते म्हणावे? योगायोग असा की त्याच १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर याने जर्मनीत खंडवहनाची कल्पना प्रथम मांडली. ती सर्वमान्य व्हायला पुढे अर्धशतक लागले. आघारकरांनी मात्र गोड्या पाण्यातील जेलीफिशच्या प्रसाराची साधने आणि त्यांचा सांप्रतचा विस्तार या प्रश्नाला लगोलग हात घातला. ‘प्रसाराची साधने’ हे शब्द वाचकांनी ध्यानी ठेवावेत. पुढे त्यांच्या अभ्यासात ते पुन्हा भेटतील.

या प्रश्नाचे महत्त्व नीट कळण्यासाठी क्षणभर आपण बेटांकडे वळू. जीवांच्या प्रवासाचा अभ्यास करणाऱ्यांना बेट ही निसर्गाने मांडून ठेवलेली प्रयोगशाळाच वाटते, कारण बेटावर जे काही आहे ते बहुधा समुद्र ओलांडून आलेले असते. आघारकरांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८८३ च्या ऑगस्टमध्ये, जावा व सुमात्रा यांच्या मधल्या क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला. बेटाचा मोठा भाग समुद्रात गडप झाला आणि उरलेल्या भूमीवर तप्त राखेचे जाड थर साचून तेथली वनश्री नाहीशी झाली. तीन वर्षांनी, १८८६ साली, जावातील वनस्पतिउद्यानाचे संचालक मेल्खिओर त्रॉइब तेथे गेले, तेव्हा राखेवर सूक्ष्म शेवाळाचे पापुद्रे धरले होते आणि आतल्या भूमीवर मुख्यतः नेचे उगवलेले होते. नेच्यांचे बीजाणू धुळीहून हलके. ते वाऱ्यावर आले. किनाऱ्यावरच्या वनस्पती लाटांवर आल्या. पुढे फळे खाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या पोटातून उंबर-पिंपळाच्या जातीची झाडे आली, आणि काही दशकांत त्या राखेवर पुन्हा अरण्य उभे राहिले. वारा, पाणी आणि प्राणी या तीन वाहनांनी वनस्पती प्रवास करतात, हे त्या बेटाने जगाला जणू धडा मांडून दाखविले. आपल्या कोकणातील गारंबीच्या मोठाल्या बिया अशाच समुद्रावर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात.

परंतु बेट म्हणजे चोहीकडे पाणीच हवे असे नाही. कोरड्या मुलखाच्या मधोमध असलेली पाणथळ जागा हेही बेटच, आणि पावसाळी देशाच्या कडेला असलेले वाळवंट हेही त्याच्या परीने बेटच. तेथल्या वनस्पती अन्यत्र टिकत नाहीत, आणि अन्यत्रच्या तेथे टिकत नाहीत. आघारकरांनी पुढे जो विषय निवडला तो हा.

त्या निवडीला निमित्त झाले कलकत्ता विद्यापीठ. सर आशुतोष मुखर्जी तेथे कुलगुरू असताना थोर विधिज्ञ रासबिहारी घोष यांनी १९१३ साली विज्ञान महाविद्यालयासाठी दहा लक्ष रुपयांची देणगी दिली. त्यातून निर्माण झालेल्या अध्यासनांवर भारतीय विद्वानांचीच नेमणूक व्हावी, ही देणगीची अट होती. आशुतोषबाबूंनी गुणी माणसांचा शोध घेताना प्रांताची कुंपणे मानली नाहीत. मद्रासकडचे रामन भौतिकीच्या पालित अध्यासनावर आले, महाराष्ट्रातून दे. रा. भांडारकर प्राचीन इतिहासासाठी आले, आणि वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनासाठी १९१४ साली निवड झाली ती तिशीतल्या शंकरराव आघारकरांची. पद ग्रहण करण्यापूर्वी उच्च अध्ययनासाठी त्यांना जर्मनीत पाठविण्यात आले.

बर्लिनला आडोल्फ एंग्लर यांच्यासारखा गुरू लाभला. वनस्पतींचे वर्गीकरण आणि त्यांचा भौगोलिक विस्तार या दोन्ही शाखांत त्या काळी एंग्लर यांचा शब्द प्रमाण मानला जाई. आफ्रिकेच्या वनस्पतिसृष्टीचे ते जाणते अभ्यासक होते. ज्या आघारकरांना आफ्रिका आणि भारत यांच्या नात्याचे कोडे पडले होते त्यांना याहून योग्य मार्गदर्शक कोण मिळणार? परंतु दैवाचा फेरा असा की ते पोहोचतात न पोहोचतात तोच, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्धाचा भडका उडाला. आघारकर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, म्हणून जर्मनीच्या दृष्टीने शत्रुपक्षाचे. आपल्या देशात जे पारतंत्र्यात होते, त्यांना परदेशात त्याच सत्तेचे प्रजाजन म्हणून नजरकैद भोगावी लागली, हा नियतीचा केवढा उपहास! त्यांच्याच बरोबरीने भौतिकीच्या घोष अध्यासनासाठी निवडलेले देवेंद्रमोहन बसू हेही असेच जर्मनीत अडकून पडले होते. थोड्या काळाच्या अध्ययनासाठी गेलेले आघारकर परत येऊन कलकत्त्यात रुजू झाले ते १९२० साली. ऐन उमेदीची सहा वर्षे या प्रवासात गेली.

ती वर्षे फुकट मात्र गेली नाहीत. १९१९ साली आघारकरांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. वायव्य हिंदुस्थानातील मरुवनस्पती, अर्धमरुवनस्पती आणि खाऱ्या जमिनीतील वनस्पती यांची प्रसारसाधने आणि त्यांचे मूळ स्थान, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो १९२० साली एंग्लर यांच्याच नियतकालिकातून जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. सिंध, राजपुताना आणि पंजाबचा कोरडा पट्टा इराण, अरबस्तान आणि त्यापलीकडच्या सहारापर्यंत पसरलेल्या रुक्ष प्रदेशाचे पूर्वेकडचे टोक आहे. तेथल्या वनस्पतींत त्या पश्चिमेकडच्या मुलखाची नाती स्पष्ट दिसतात. मग त्या आल्या कशा? येथे पुन्हा वारा, पाणी आणि प्राणी. रुईच्या बोंडातून रेशमी तंतू लेवून निघालेले बी वाऱ्यावर मैलोगणती तरंगते. आपल्याकडची मुले त्याला ‘म्हातारी’ म्हणतात आणि तिच्यामागे धावतात. गोखरूचे काटेरी फळ जनावराच्या खुरात रुतून वाळवंट ओलांडते. बोर खाऊन पक्षी आणि कोल्हे त्याची आठोळी दूरवर नेऊन टाकतात. खाऱ्या जमिनीतल्या लाण्याच्या फळांना पातळ पंख असतात. एकेका झाडाचे फळ हातात घेऊन, ते कशासाठी असे घडले आहे हे विचारीत जायचे, आणि त्या फळाच्या घडणीवरून त्या वनस्पतीचा भूतकाळातला मार्ग ताडायचा, अशी ही विद्या. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाचे फादर ब्लॅटर हे हॉलबर्ग यांच्यासह त्याच सुमारास भारतीय वाळवंटातील वनस्पतींची सूची प्रसिद्ध करीत होते. काय काय उगवते, हे त्या सूचीने सांगितले. ते कोठून व कसे आले, हे आघारकरांनी विचारले. दोन्ही कामे एकमेकांस पूरक.

१९२० ते १९४६ अशी सव्वीस वर्षे आघारकरांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. पदव्युत्तर वनस्पतिशास्त्राचा विभाग तेव्हा बाल्यावस्थेत होता. त्या काळची पाठ्यपुस्तके युरोपातली. त्यांतली उदाहरणे तिकडच्या ओक आणि बीच वृक्षांची. बंगालच्या भूमीवर वनस्पतिशास्त्र शिकवायचे तर विद्यार्थ्याच्या अवतीभवतीचे प्रश्न वर्गात आणणे प्राप्त होते. आघारकरांच्या कामातली दोन उदाहरणे आम्ही येथे मुद्दाम देतो, कारण ती आपल्या रोजच्या अनुभवातली आहेत.

पहिले उदाहरण जलपर्णीचे. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती तिच्या निळसर जांभळ्या फुलांच्या मोहाने कोणी तरी भारतात आणली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिने बंगालचे नाले, तळी आणि भातखाचरे व्यापून टाकली. होड्या अडल्या, मासळी घटली, शेतकरी हवालदिल झाला. १९२१ साली या आपत्तीच्या विचारासाठी जगदीशचंद्र बसूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि १९३६ साली बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. जलपर्णी आडव्या धुमाऱ्यांनी झपाट्याने वाढते हे डोळ्यांना दिसत होते. परंतु ती बियांनीही पसरते काय? हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. बी धरत नसेल तर उपटून जाळले की काम भागले. बी धरत असेल तर ते तळाच्या गाळात वर्षानुवर्षे दबा धरून राहील आणि साफ केलेले तळे पुन्हा भरेल. आघारकरांनी आय. बॅनर्जी यांच्यासह जलपर्णीचे परागण आणि बीजधारणा यांचा अभ्यास करून तो १९३० साली प्रसिद्ध केला. आज आपण जाणतो की तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांवर जलपर्णीचे हिरवे थर ज्यांनी पाहिले आहेत, एकदा काढलेली जलपर्णी पुन्हा कशी उगवली म्हणून जे चक्रावले आहेत, त्या बंगळूरकरांना या अभ्यासाचे मोल वेगळे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण केळीचे. १९३५ साली आघारकर आणि पी. एन. भादुरी यांनी केळीच्या कुळातील गुणसूत्रांच्या संख्येविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले, ते ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात. आणि हे नियतकालिक १९३२ पासून आपल्या बंगळूरहूनच निघत आले आहे. रानटी केळीत टणक बिया असतात. आपण खातो ती केळी बिनबियांची, आणि त्यांतल्या बऱ्याच वाणांत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, म्हणजे बावीसऐवजी तेहतीस गुणसूत्रे. असा वाण बी धरू शकत नाही; माणसाने त्याचा मुनवा काढून दुसरीकडे लावला तरच तो पुढे जातो. आग्नेय आशियाच्या बेटांवर आणि त्यांच्या आसपास माणसाच्या हाती आलेली ही वनस्पती अशी माणसाच्याच हाताने अर्ध्या जगात पसरली. बंगळूरच्या बाजारात जिला येलक्की म्हणतात ती आपली वेलची केळी दोन संचांची आहे, तर नंजनगूडची रसबाळे तीन संचांची. वारा, पाणी आणि प्राणी यांच्या जोडीला मनुष्य हे चौथे वाहन होय, आणि ते सर्वांत वेगवान. जलपर्णीला ज्याने आणले तोही माणूस, केळीला ज्याने नेले तोही माणूस. एकीने आश्रयदात्याचे पाणी कोंडले, दुसरीने त्याचे ताट भरले.

पोहोचणे आणि रुजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या अभ्यासाचे सार म्हणता येईल. हजारो बिया पोहोचतात, थोड्याच रुजतात. आणि रुजलेल्यांतही काही आपल्या शेजाऱ्यांना जागा ठेवतात, काही ठेवीत नाहीत. आघारकर स्वतः परमुलखात सव्वीस वर्षे राहिले आणि तेथल्या विद्यार्थ्यांच्या हाती तेथल्याच तळ्यांचे आणि तेथल्याच बागांचे प्रश्न देत राहिले. परप्रांतात राहणाऱ्याने तेथल्या भूमीचे ऋण कसे फेडावे, याचा हा वस्तुपाठ आहे असे आम्हांस वाटते.

निवृत्तीनंतर कोणीही विसावा घेतला असता. आघारकर तेव्हा बासष्टीच्या उंबरठ्यावर होते. परंतु कलकत्त्यात त्यांनी एक दृश्य दीर्घकाळ पाहिले होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांच्या देणग्यांवर विज्ञानसंशोधनाची जी संस्था कलकत्त्यात स्थापिली, तिच्याच प्रयोगशाळेत रामन यांनी १९२८ साली आपला जगद्विख्यात शोध लावला. सरकारी खात्याबाहेर, विद्यापीठाच्याही बाहेर, केवळ समाजाच्या बळावर विज्ञान वाढू शकते, याचा तो पुरावा होता. महाराष्ट्रात असे काही नव्हते. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना झाली आणि तिचे संस्थापक-संचालक म्हणून आघारकरांनी धुरा खांद्यावर घेतली. संस्थेचे इंग्रजी नावही कलकत्त्याच्या संस्थेच्या धर्तीवरच ठेवलेले आहे. एका अर्थी, बंगालच्या भूमीत तयार झालेले हे बीज त्यांनी स्वतः उचलून महाराष्ट्रात आणले.

बीज पोहोचले, रुजविण्याचे कष्ट मात्र मोठे होते. देशावर फाळणीचे संकट, नव्या स्वातंत्र्याच्या असंख्य गरजा, आणि अशा वेळी शुद्ध संशोधनासाठी पैसा मागणे म्हणजे अरण्यरुदनच. तरीही १९४६ पासून २ सप्टेंबर १९६० रोजी देहावसान होईपर्यंत, चौदा वर्षे, आघारकरांनी या एकाच कामाला स्वतःला वाहून घेतले. या वर्षांत स्वतःच्या संशोधनाला कितीसा वेळ उरला असेल, याची कल्पना संस्था चालविणाऱ्या कोणालाही करता येईल. बर्लिनमध्ये ज्याने एवढा व्यापक प्रश्न हाती घेतला त्याने त्यावर एक महाग्रंथ लिहावयास हवा होता, असे एखाद्या अभ्यासकाला वाटेल, आणि ती हळहळ अनाठायी नाही. परंतु स्वतःचा ग्रंथ आणि इतरांसाठी प्रयोगशाळा यांतून निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी प्रयोगशाळा निवडली, आणि तिची किंमत मुकाट्याने मोजली.

त्या निवडीची फळे आज दिसतात. संस्थेचा वनस्पतिसंग्रह देशोदेशीच्या अभ्यासकांना परिचित आहे. बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तेथेच जतन केलेला आहे. ‘एमएसीएस’ या संस्थेच्या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे गव्हाचे व सोयाबीनचे वाण शेतकऱ्यांच्या शिवारात पोहोचले, आणि द्राक्षाचा एक वाणही संस्थेने दिला. १९९२ साली संस्थेच्या संशोधन केंद्राला आघारकरांचे नाव देण्यात आले. शेतकऱ्याला बहुधा हे नाव ठाऊक नसेल. पण त्याच्या भाकरीत आणि पोळीत त्याचा वाटा आहे.

आता बंगळूरच्या फांदीविषयी. हार्वर्डहून परतलेले तरुण पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ १९७१ साली प्रथम याच विज्ञानवर्धिनीत रुजू झाले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक हे सह्याद्रीतील देवरायांचे जाणकार होते. दोघांनी मिळून पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला आणि तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. देवराई म्हणजे काय, तर तोडीने उघड्या पडलेल्या डोंगरावर देवाच्या नावाने राखलेले मूळ अरण्याचे एक बेट! भोवतालच्या मुलखातून नाहीशा झालेल्या वनस्पती तेथे टिकून राहतात, आणि भोवतालची भूमी पुन्हा हिरवी करायची झाली तर बीज तेथूनच निघते. दरम्यान १९७३ साली गाडगीळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले होते, आणि १९८३ साली तेथे पर्यावरणविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. मालवणच्या एका प्राध्यापकाने पुण्यात लावलेल्या रोपाच्या सावलीत आरंभ झालेले काम असे मल्लेश्वरमच्या शेजारी येऊन विस्तारले. आघारकर आणि गाडगीळ यांचे विषय सर्वस्वी एक होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु एखादा जीव एखाद्या ठिकाणी का आहे, आणि तेथून तो गेला तर काय होईल, हा प्रश्न दोघांच्याही कामाच्या मुळाशी होता.

आज पर्यावरण हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. परदेशी झाडे लावावीत की देशी, तलाव कसे वाचवावेत, रस्त्याकडेच्या वृक्षांचे काय करावे, याविषयी बंगळूरमध्ये नित्य वाद होतात. मादागास्कर बेटावरून निघालेला गुलमोहोर, दक्षिण अमेरिकेचा जॅकरँडा, आणि इथला मूळचा होंगे म्हणजे आपला करंज, हे या शहरात एकाच रस्त्यावर फुलतात. कोण कोठून आला, कोणाच्या साहाय्याने आला, आणि शेजाऱ्यांशी कसा वागतो, या क्रमाने विचार केला तर अशा वादांत उजेड अधिक पडेल आणि धूर कमी होईल. आघारकरांची शिस्त ती हीच.

आपल्या मंडळाने या नगरीत पन्नास वर्षे पूर्ण केली आहेत. या काळात आपण आपली भाषा राखली, सण राखले, आणि येथल्या कन्नड शेजाऱ्यांकडून पुष्कळ काही घेतलेही. पुढची पन्नास वर्षे कशी असावीत याचा विचार करताना कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांसमोर त्यांच्याच तळ्यातली जलपर्णी ठेवणाऱ्या या मालवणी आचार्यांचे स्मरण उपयोगी पडेल. आमची वाचकांना एवढीच विनंती आहे की पुन्हा पुण्यास जाणे झाले तर गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरील त्या संस्थेच्या दाराशी घटकाभर थांबावे, पाटीवरील नावातला ‘घा’ नीट वाचावा, आणि सोबतच्या मुलांना हे आघारकर कोण होते ते सांगावे. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.